औषधाची किंमत कोणास विचारावी?

दिमोना येथील एका भगिनीचे पत्र आमच्याकडे आले आहे. नाव प्रसिद्ध करू नये अशी त्यांची विनंती असल्याने ते आम्ही देत नाही. परंतु पत्रातील मजकूर एकट्या त्यांच्या घरचा नाही, म्हणून तो थोडक्यात येथे सांगतो. त्यांचे यजमान बाहत्तर वर्षांचे आहेत. मधुमेह, रक्तदाब आणि रक्तातील चरबी या तिन्हींसाठी त्यांना रोज पाच गोळ्या घ्याव्या लागतात. अलीकडे हृदयविकाराच्या एका खाजगी तज्ज्ञाने आणखी एक नवीन गोळी लिहून दिली. ती आणण्यास या बाई औषधांच्या दुकानी गेल्या, किंमत ऐकली आणि 'उद्या येते' असे सांगून परतल्या. तो उद्या अद्याप उगवलेला नाही. मध्यंतरी घरखर्चाचा मेळ बसावा म्हणून त्यांनी रक्तदाबाची गोळीही दिवसाआड देण्यास सुरुवात केली आहे. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, "पुढील महिन्यात ठाण्याहून माझा भाऊ यावयाचा आहे. त्याला ही सर्व औषधे घेऊन येण्यास सांगितले तर चालेल काय?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे, आणि ती त्या भगिनीस आम्ही पत्र मिळाले त्याच दिवशी कळविली. रक्तदाबाची गोळी दिवसाआड देणे ही काटकसर नव्हे. रक्तदाबाचे दुखणे मुके असते. तो वाढला तरी माणूस चालतो, बोलतो, जेवतो, आणि एके दिवशी अर्धांगवायूने खाली बसतो. तेव्हा गोळी परवडत नसेल तर ती आपल्या हाताने कमी न करता त्याच दिवशी आपल्या 'रोफे मिशपाहा'स, म्हणजे घरच्या डॉक्टरास, तसे स्पष्ट सांगावे. 'परवडत नाही' हे शब्द ऐकून डॉक्टर हसत नाहीत. त्यांना तो आजाराच्या माहितीचाच एक भाग वाटतो, व तो त्यांना न सांगितल्यास ते औषध लागू पडत नाही असे समजून आणखी तीव्र गोळी लिहून देतात.

आमच्या लोकांची मोठी गंमत वाटते. रामलेच्या बाजारात टोमॅटोचा भाव दोन ठिकाणी विचारल्याशिवाय आमची गृहिणी पिशवीचे तोंड उघडीत नाही. भायखळ्याच्या बाजारात पापलेटाचा गलफडा उचलून पाहणाऱ्या आयांच्या या लेकी! पण तीच गृहिणी औषधाच्या काउंटरपुढे उभी राहिली की मान खाली घालते. चिठ्ठी डॉक्टरांची, भाषा हिब्रू, मागे रांग. अशा वेळी भाव विचारणे म्हणजे आपले दारिद्र्य चारचौघांत उघडे करणे असे तिला वाटते. वास्तविक या देशात एकाच औषधाची किंमत आपण ते कोणत्या नावाने मागतो आणि कोणत्या दाराने आत जातो यावर अवलंबून असते. विचारणाऱ्यास एक भाव आणि न विचारणाऱ्यास दुसरा, असे येथे रोज घडते, व यात कोणाची लबाडी असते असेही नाही. व्यवस्थाच तशी आहे.

ही व्यवस्था थोडी समजून घेऊ. आमच्या वडीलधाऱ्या मंडळींस हिस्तद्रुतचे ते सभासद-पुस्तक आठवत असेल. कुपात होलीम क्लालित 1911 साली शेतमजुरांनी स्थापन केली आणि पुढे ती हिस्तद्रुत या कामगार संघटनेशी जोडली गेली. कित्येक वर्षे संघटनेची वर्गणी आणि दवाखाना ही एकाच दोरीची दोन टोके होती. ती दोरी 1 जानेवारी 1995 पासून तुटली. त्या दिवशी राष्ट्रीय आरोग्य विमा कायदा अमलात आला आणि देशाचा प्रत्येक रहिवासी क्लालित, मक्काबी, मेउहेदेत व लेउमीत या चारांपैकी कोणत्याही एका कुपातीचा हक्काने सभासद झाला. वय किंवा आजार पाहून कुपातीस कोणासही नाकारता येत नाही. कायद्यासोबत औषधांची व उपचारांची एक यादी आली. तिला 'साल हा-ब्रियुत', म्हणजे आरोग्याची टोपली, म्हणतात. दरवर्षी एक समिती नवीन औषधे तपासून, सरकारने दिलेल्या रकमेत बसतील तेवढी या टोपलीत घालते. टोपली चारही कुपातींस एकच. औषध तिच्यात असले तर आपण संपूर्ण किंमत भरीत नाही. तिचा एक भाग, साधारणपणे दहा ते पंधरा टक्के, भरतो. औषध टोपलीबाहेरचे असले, किंवा टोपलीतले असूनही चुकीच्या दाराने मागितले, तर संपूर्ण किंमत आपल्या अंगावर येते.

चुकीचे दार म्हणजे काय, हे दिमोनाच्या पत्रात स्पष्ट दिसते. नवीन गोळी खाजगी तज्ज्ञाने लिहून दिली. खाजगी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन सरळ दुकानी गेले की दुकानदार संपूर्ण किंमत सांगतो, कारण त्याच्या दृष्टीने कुपातीचा या चिठ्ठीशी संबंधच नाही. तीच चिठ्ठी व तज्ज्ञाचा अहवाल घरच्या डॉक्टरास दाखविला, त्याने ते औषध योग्य मानले आणि कुपातीच्या कागदावर लिहून दिले, तर त्याच गोळीचा भाव निराळा होतो. आमच्या माहितीतील कित्येक कुटुंबांनी केवळ या एका फेरीच्या कंटाळ्यापायी महिनोन्महिने संपूर्ण किंमत मोजली आहे. खाजगी तज्ज्ञाकडे जाऊ नये असे आमचे म्हणणे नाही. जावे, पण परतीची वाट घरच्या डॉक्टरकडून असावी.

येथे आणखी एक बारकावा आहे. काही औषधे टोपलीत असतात ती विशिष्ट आजारासाठीच. तेच औषध दुसऱ्या आजारासाठी लिहिले तर ते टोपलीत नाही असे धरले जाते. काहींसाठी कुपातीची 'इशूर', म्हणजे पूर्वपरवानगी, लागते. म्हणून काउंटरवर 'हे टोपलीत नाही' असे उत्तर मिळाले तर तेथेच थांबू नये. डॉक्टरास तीन गोष्टी विचाराव्यात. परवानगीने ते मिळू शकेल काय? याच कामाचे, टोपलीतील जुने व अनुभवाचे औषध माझ्यासाठी चालेल काय? आणि चालत नसल्यास कुपातीच्या अपवाद समितीकडे, म्हणजे 'वआदात हरीगीम'कडे, आपण अर्ज कराल काय? अर्ज वैद्यकीय कारणांसह डॉक्टरनेच करावयाचा असतो. दरवेळी होकार येतो असे नाही, पण न केलेल्या अर्जास होकार कधीच येत नाही. कुपातीने अन्याय केला असे वाटल्यास आरोग्य मंत्रालयात या कायद्याखालील तक्रारींसाठी स्वतंत्र अधिकारी आहे व त्याच्याकडे तक्रार करण्यास शुल्क पडत नाही. पूरक विमा घेतलेला असेल तर टोपलीबाहेरच्या काही औषधांवर सूट असते. तेही विचारून घ्यावे. आणि सर्व दारे बंद झाली तर 'हवेरीम ले-रेफुआ' ही संस्था गरजू रुग्णांस औषधे मिळवून देण्याचे काम करते, हे लक्षात ठेवावे.

आता नावाचा प्रश्न. आमच्या मते सर्व गोंधळाचे मूळ येथे आहे. प्रत्येक औषधास दोन नावे असतात: एक औषधी द्रव्याचे, जे जगभर जवळजवळ एकच असते, आणि दुसरे कंपनीने ठेवलेले. कंपनीचे नाव पेटीवर मोठ्या अक्षरांत. द्रव्याचे नाव त्याखाली, चष्मा लावून वाचावे अशा अक्षरांत. मुंबईत आपण ताप आला की क्रोसिन घेत होतो. येथे येऊन अकामोल घेऊ लागलो. दोहोंत पॅरासिटामोल हेच द्रव्य आहे. तरीही मुंबईस जाणाऱ्या प्रत्येकाकडून क्रोसिनच्या पट्ट्या मागविणारी घरे आम्ही पाहतो, जणू येथल्या तापास तेथलीच गोळी लागते! मधुमेहावरील मेटफॉर्मिन भारतात ग्लायकोमेट या नावाने प्रसिद्ध आहे, येथे ग्लुकोमिन या नावाने मिळते. पोटातील आम्लासाठीचे ओमेप्राझोल तेथे ओमेझ, येथे ओमेप्रादेक्स. मूळ शोध लावणाऱ्या कंपनीचे पेटंट संपले की इतर कंपन्या तेच द्रव्य बनवू लागतात व किंमत उतरते. कोलेस्टेरॉलवरील लिपिटॉर हे एके काळी जगात सर्वांत अधिक खपणारे औषध होते. 2011 साली अमेरिकेत त्याचे पेटंट संपल्यावर तेथे तेच द्रव्य, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, थोड्या काळात अत्यंत स्वस्त झाले. आपल्या कुपातीत सहसा अशा स्वस्त पर्यायांपैकी एखादा ठेवलेला असतो. मूळ कंपनीचेच पाहिजे असा हट्ट धरला तर फरक आपल्या खिशातून जातो. स्वस्त म्हणजे हलके, ही समजूत लुगड्याच्या बाबतीत खरी असेल. परवाना मिळालेल्या गोळीच्या बाबतीत ती धरू नये. मात्र थायरॉइड, अपस्मार, रक्त पातळ करण्याची औषधे अशा काही बाबतींत एका कंपनीवरून दुसरीवर जाताना डॉक्टरची देखरेख आवश्यक असते. तेथे दुकानदाराशी परस्पर अदलाबदल करू नये.

दीर्घकाळच्या रुग्णांसाठी एक सवलत अशी आहे की तिचे नाव काढले तर आमच्या दहांतील निम्मी मंडळी 'असे काही असते काय?' म्हणून विचारतात. मधुमेह, रक्तदाब यांसारख्या कायमच्या दुखण्यांसाठी टोपलीतील औषधांवर ठराविक मुदतीत रुग्णाने किती रक्कम भरावी याला कमाल मर्यादा आहे. हिब्रूत तिला 'तिक्रा', म्हणजे छत, म्हणतात. त्या छताला डोके टेकले की त्या मुदतीतील पुढील औषधे विनामूल्य. मर्यादेचा आकडा प्रत्येक कुपातीचा निराळा व वेळोवेळी बदलणारा आहे, म्हणून तो आम्ही येथे छापीत नाही. तो आपल्याच शाखेत विचारावा. पण त्यासाठी आपले नाव दीर्घकालीन रुग्ण म्हणून कुपातीच्या संगणकात नोंदलेले असले पाहिजे. नोंद आहे की नाही हे विचारण्यास अर्धा मिनिट लागतो. तसेच बिटुआह लेउमीकडून वृद्धापकाळाच्या वेतनाबरोबर उत्पन्न-पूरक भत्ता, म्हणजे 'हश्लामात हाख्नासा', मिळणाऱ्या वृद्धांस औषधांच्या खर्चात मोठी सूट आहे. काही वृद्धांस हा भत्ता मिळण्याचा हक्क असूनही 'सरकारपुढे हात कशाला पसरावा' म्हणून ते अर्जच करीत नाहीत. आयुष्यभर पगारातून ज्यांनी विम्याची रक्कम कापू दिली त्यांनी हात पसरला असे कोण म्हणेल? भत्ता गमावला की त्याच्या मागोमाग औषधांची सूटही जाते.

आता ठाण्याहून येणाऱ्या भावाकडे वळू.

भारतात औषध स्वस्त का, याचा इतिहास आपल्या लोकांस ठाऊक असावा असा आहे. 1970 च्या पेटंट कायद्याने, जो 1972 पासून अमलात आला, औषधाच्या द्रव्यावर पेटंट देण्याचे भारताने बंद केले. फक्त ते बनविण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळे. त्यामुळे निराळ्या पद्धतीने तेच द्रव्य बनविण्याची मुभा भारतीय कारखान्यांस मिळाली व त्यांनी तिचे सोने केले. 2005 साली आंतरराष्ट्रीय व्यापार करारापोटी द्रव्यावरील पेटंट परत आले, पण तोवर तेथील उद्योग जगास औषधे पुरवू लागला होता. मुंबईत 1935 साली ख्वाजा अब्दुल हमीद यांनी सुरू केलेल्या सिप्ला कंपनीने 2001 साली एड्सवरील तीन औषधांचा वर्षाचा उपचार साडेतीनशे डॉलरांत देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव दहा हजार डॉलरांच्या वर होता. हा प्रस्ताव मांडणारे युसुफ हमीद यांचा जन्म 1936 साली विल्ना शहरी झाला व त्यांच्या मातोश्री लिथुआनियाच्या यहुदी होत्या, हेही जाता जाता सांगितल्याशिवाय आम्हांस राहवत नाही. भारत सरकारने 2008 पासून जनऔषधी नावाची दुकाने उघडली आहेत. तेथे औषधे द्रव्याच्या नावाने विकली जातात. तेव्हा 'मुंबईत फार स्वस्त मिळते' हे आपल्या लोकांचे म्हणणे कपोलकल्पित नाही.

तरीही त्या भगिनीस आम्ही 'नको' असेच लिहिले. कायद्याचे कारण आहेच. प्रवाशाने स्वतःच्या उपयोगापुरते, चिठ्ठीसह औषध आणणे निराळे व दुसऱ्यांसाठी पेटीभर आणणे निराळे. भारतातही ही औषधे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास कायद्याने मनाई आहे, कोपऱ्यावरचा ओळखीचा दुकानदार काहीही करो. परंतु आमच्या दृष्टीने मोठे कारण दुसरेच आहे. भावाने आणलेली औषधे कुपातीच्या संगणकात नसतात. घरचे डॉक्टर पडद्यावर पाहतात, त्यांस वाटते रुग्ण काही घेत नाही. साखर वाढलेली दिसते, ते ग्लुकोमिन लिहून देतात. घरात ग्लायकोमेट चालू असते. दोन पेट्या, दोन रंग, दोन नावे, पण द्रव्य एकच, आणि वृद्ध माणूस दोन्ही श्रद्धेने घेतो. वृद्धाचे मूत्रपिंड अशक्त असेल तर मेटफॉर्मिनची अशी दुप्पट मात्रा प्राणावर बेतू शकते. शिवाय कंपन्यांची नावे देशोदेशी फसवी असतात. अमेरिकेत फ्लोमॅक्स म्हणजे पुरुषांच्या लघवीच्या त्रासावरील औषध, तर इटलीत त्याच नावाने सूज उतरविण्याचे निराळेच औषध विकले जाई. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2006 साली आपल्या प्रवाशांस अशा नावांविषयी जाहीर इशारा दिला होता. आणि समजा सर्व ठीक झाले, तरी भाऊ वर्षातून एकदा येणार. गोळ्या तीन महिन्यांत संपणार. मग पुन्हा दिवसाआड!

भाऊ येतोच आहे तर त्याने चकल्या, सुके बोंबील आणि कोकम आणावे. त्यास आमची हरकत नाही.

शेवटी एका विषयावर, आम्ही पेशाने शिक्षक असल्याने, थोडे अधिक लिहिण्याची मोकळीक घेतो. आजी-आजोबा औषध घेण्यास जाताना बारा-तेरा वर्षांच्या नातवास दुभाष्या म्हणून नेतात. मूल हुशार असते, हिब्रू त्याच्या जिभेवर असते; पण मराठी त्याच्या कानापर्यंतच आलेली असते. औषध देणारी बाई म्हणते, "जेवणानंतर, आणि द्राक्षफळाच्या रसाबरोबर नको." मूल म्हणते, "जेवून घे." उरलेले अर्धे वाक्य हवेत जाते, आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांच्या बाबतीत ते उरलेले अर्धेच महत्त्वाचे असते. त्याहून वाईट म्हणजे, आजोबांस पैशांची अडचण आहे हे नातवाच्या तोंडून सांगावयाचे असते, आणि ते आजोबा कधीच सांगत नाहीत. आम्हांस वर्गात हे कळते. एखादे मूल विनाकारण गप्प होते, मग कधीतरी सांगते की घरी आजोबा गोळ्या मोजून ठेवतात. मुलावर हा भार टाकू नये. मोठ्या मुलास, सुनेस, शेजाऱ्यास न्यावे. नाहीतर कागदावर लिहून न्यावे.

त्यासाठी आम्ही त्या भगिनीस एक साधी वही करण्यास सुचविले. शाळेची पातळ वही चालेल. एका पानावर एक औषध. वर मराठीत ते कशासाठी आहे ते; खाली पेटीवरून पाहून हिब्रूत कंपनीचे नाव व द्रव्याचे नाव, दोन्ही; त्याखाली मात्रा, वेळ आणि गेल्या वेळी भरलेली रक्कम. शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत हिब्रूत एक वाक्य, सुनेकडून लिहून घेतलेले: "याच द्रव्याचे, टोपलीतील, कमी किंमतीचे औषध आहे काय?" बोलावयाचे नसेल तर ते पान पुढे करावे. ही वही घरच्या डॉक्टरासही दाखवावी व त्यांच्या यादीशी ताडून पाहावी. पाच गोळ्यांपैकी एखादी आता नकोच, असेही त्यांच्या लक्षात येते. तीच सर्वांत स्वस्त पडते.

दिमोनाच्या त्या भगिनींचे दुसरे पत्र आमच्या हाती हा मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वी आले. त्यांनी डॉक्टरांस रक्तदाबाच्या गोळीचे सांगितले व ती पुन्हा रोज सुरू झाली. यजमानांची दीर्घकालीन रुग्ण म्हणून नोंद एका दुखण्यापुरतीच होती. ती पूर्ण करून घेतली. नवीन गोळीसाठी परवानगीचा अर्ज गेला आहे, उत्तर यावयाचे आहे. सुनेने लिहून दिलेले वाक्य मात्र त्यांनी पान पुढे न करता स्वतः वाचून दाखविले, असे त्या लिहितात, आणि काउंटरवरील बाईने त्यांचा उच्चार एकदा दुरुस्त करून दिला.